आई, तू हो पुढे!

‘तू हो पुढे, मी आलेच.’

हे वाक्य आमच्या घरात आजवर फक्त आईच म्हणत आली. लग्नाला निघालो, सिनेमाला निघालो, साधं कोपऱ्यावर पाणीपुरी खायला निघालो तरी आई मागे. गॅस बंद केलाय का बघ, दूध फ्रिजमध्ये ठेव, कडी लाव. आम्ही आपले पुढे! २१ जानेवारी २०२४ च्या सकाळी पेडर रोडच्या चढावर, हजारो लोकांच्या देखत, हे वाक्य मी म्हटलं. आणि आई चक्क पुढे गेली!

थांबा. नीट पहिल्यापासून सांगते.

आई २०२३ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाली. चर्चगेटजवळच्या एका सरकारी ऑफिसात छत्तीस वर्षं नोकरी. बोरिवली ते चर्चगेट आणि परत, डब्यात पोळी-भाजी आणि पर्समध्ये निवडायच्या शेंगा. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली, तेव्हापासून आई त्या गाडीची. घरच्या कुणाच्या वाढदिवसापेक्षा तिला ही तारीख पक्की पाठ!

रिटायर झाल्यावर पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग ती कपाटं आवरायला लागली. मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरायला लागली. दुपारी तीनला मला फोन, ‘जेवलीस का?’ चारला पुन्हा, ‘चहा झाला?’ मी फ्रीलान्सर. माझं जेवण, चहा आणि डेडलाइन यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एक दिवस वैतागून म्हटलं, ‘आई, तू काहीतरी कर ना! आपण दोघी हाफ मॅरेथॉन पळू या.’

खरं सांगू? यात आईपेक्षा माझाच विचार जास्त होता. मायलेकींची मॅरेथॉन, शेवटी हातात हात घालून फिनिश लाइन, मस्त फोटो, खाली माझी बायलाइन. विषय तयार! आई बिझी आणि माझा लेखही सुटला.

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘एकवीस किलोमीटर? या वयात? गुडघे रिक्षात घालून आणावे लागतील.’ आईने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला तीच मला उठवायला आली.

हे मला सुचायला हवं होतं, कारण आई शाळेत खो-खो खेळायची. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं चारशे मीटर हर्डल्सचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, तेव्हा आई एकोणीस वर्षांची होती. ती हळहळ अजून तिच्या बोलण्यात येते. पण त्याच ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदाच झाली आणि अमेरिकेच्या जोन बेनॉइटने ती जिंकली, हे तिला मी सांगितलं. त्याआधी ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी सगळ्यात लांबची धावण्याची शर्यत होती १५०० मीटर्स! आई म्हणाली, ‘आणि लोकलमागे पळतो ते कोण मोजणार?’

आमचं ट्रेनिंग नॅशनल पार्कात. सुरुवातीला एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी १९७० च्या दशकात ही रन-वॉक पद्धत आणली. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं, ही त्यातली गंमत. आईला हे लगेच पटलं. मला नाही. मी आपली पळायचे फुल स्पीडमध्ये आणि मग बाकावर बसून धापा टाकायचे. आई तिच्या ठरलेल्या तालात येऊन मला गाठायची आणि थांबायची. ‘झालं का? चल.’ पावसाळा गेला, दिवाळी गेली. डिसेंबरात आम्ही अठरा किलोमीटरचा लाँग रन केला, तेव्हा बाबांनी स्वतःहून कांदेपोहे केले. आमच्या घरात हे स्टँडिंग ओव्हेशन!

आणि उजाडली ती पहाट. म्हणजे उजाडली कुठली, मिट्ट काळोखच होता. बोरिवली स्टेशनवर जिकडे तिकडे रनिंग शूज. आई सवयीने प्लॅटफॉर्मवर बरोबर लेडीज डबा येतो तिथे जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, ‘अगं, आज कुठेही चढलीस तरी चालेल.’ ती म्हणाली, ‘पायांना सांग.’

हाफ मॅरेथॉन माहीमहून पाचला सुटते. टाटा मुंबई मॅरेथॉनच्या सगळ्या शर्यती मिळून पन्नास हजारांच्या वर माणसं असतात. त्यातली निम्मी आपल्याच पाठीवर उभी आहेत असं वाटावं, इतकी गर्दी. स्टार्ट झाला, लोक ओरडले आणि... काहीच झालं नाही! आम्ही होतो तिथेच. मग दोन पावलं पुढे, पुन्हा थांबा. बिबला चिप असते, तुम्ही स्टार्टची पट्टी ओलांडलीत की तुमचं घड्याळ सुरू, त्यामुळे खरं तर घाईचं कारणच नव्हतं. पण मला कुठला धीर! पट्टी ओलांडली आणि मी सुटले. याच्या डावीकडून, त्याच्या उजवीकडून, दोघांच्या फटीतून. दर दोनशे मीटरला मागे वळून आईला शोधायचं आणि वैतागायचं.

ती शांतपणे मागून आली. ‘अगं, विरार फास्टमध्ये चढतेयस का? गर्दीत धक्का मारून जागा होत नसते. समोरची कधी हलते ते बघायचं आणि तिच्या मागून सरकायचं.’

छत्तीस वर्षांचा अनुभव. मी ऐकला नाही, हे सांगायला नकोच.

मग सी-लिंक. २००९ मध्ये सुरू झालेल्या या साडेपाच किलोमीटरच्या पुलावर एरवी पायी पाऊलही ठेवता येत नाही. त्या दिवशी तो आमचा. काळोख, वर दिव्यांच्या माळेसारख्या उजळलेल्या केबल्स, खाली न दिसणारा समुद्र आणि हजारो बुटांचा एकच आवाज. बोलणारे सगळे हळूहळू गप्प झाले. आम्ही शेजारी शेजारी पळत होतो. अशा वेळी एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, हे बरं असतं.

मी सहज विचारलं, ‘आई, ऑफिसची आठवण येते का गं?’

‘ऑफिसची नाही. पण मरीन ड्राइव्हवर एकदा निवांत बसायचं राहिलं बघ. छत्तीस वर्षं हाकेच्या अंतरावर होता. पण लेडीज स्पेशल चुकली की पुढे सगळंच चुकायचं.’

थोडं पळून झालं. मग म्हणाली, ‘आणि नागपूर बघायचं राहिलं.’

‘नागपूर? तिथे काय आहे?’

‘प्रमोशन होतं. तुझं दहावीचं वर्ष. बदली नागपूरला. नाही म्हणून कळवलं.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तुला काय सांगायचं? तुझं बीजगणित कच्चं होतं.’

एवढंच. आवाजात तक्रार नाही, काही नाही. भाजीत मीठ कमी पडलं हे सांगावं तसं. मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात तिच्या चालायच्या मिनिटाची वेळ झाली आणि ती म्हणाली, ‘चल, चाल आता.’ मी चालले नाही. मला चालवेना. मी पळतच सुटले. मागे राहिले असते तर रडले असते, असं वाटलं.

त्याचं बिल वरळी सी-फेसवर यायला सुरुवात झाली. रस्त्याकडेची पाटी सांगत होती आठ किलोमीटर, माझं घड्याळ सांगत होतं आठ पूर्णांक चार. म्हणजे माणसांना वळसे घालण्यात मी चारशे मीटर फुकट पळले होते! हाजी अली येईपर्यंत पाय जड. आणि मग पेडर रोड. गाडीतून जाताना हा चढ तुम्हाला कधी जाणवणार नाही. तेरा-चौदा किलोमीटर पळून झाल्यावर मात्र तो सिंहगड वाटतो. दोन्ही बाजूंना बिल्डिंगमधले लोक नाइट ड्रेसमध्ये टाळ्या वाजवत होते, एक काकू संत्र्याच्या फोडी वाटत होत्या, कुठेतरी ढोल वाजत होता. आणि माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला. असा की मी दुभाजकावर बसलेच.

आई आली. खाली वाकली, माझा बूट धरून पायाचा चवडा माझ्याकडे दाबला. अगदी लहानपणी रात्री पाय दुखायचे तेव्हा करायची तसं. गोळा सुटला, पुन्हा आला. एका व्हॉलंटियरने येऊन स्प्रे मारला. मिनिटं जात होती. आणि मला दिसलं की आईचा श्वास अजिबात लागलेला नाही. ती फ्रेश होती! पहिल्या किलोमीटरला जशी होती तशीच.

तेव्हा मी म्हटलं, ‘आई, तू हो पुढे.’

मला काय अपेक्षित होतं? तेच, जे तुम्हालाही असतं. ती म्हणणार, ‘वेडी का काय, तुला सोडून कशी जाऊ?’ मग दोघी एकमेकींना धरून लंगडत जाणार, फोटो तर याहून भारी!

आईने माझ्याकडे बघितलं. मग चढाकडे बघितलं.

‘नक्की?’

‘नक्की.’

‘पाणी आहे? पैसे?’ तिने खिशातून घडी घातलेली पाचशेची नोट काढून माझ्या हातात कोंबली. ‘शेवटी भेटू.’

आणि गेली. तेल लावून घट्ट घातलेली वेणी, नारिंगी टी-शर्ट, डुगूडुगू पण एका तालातली चाल. मला वाटलं, वळून बघेल. नाही बघितलं. चढाच्या टोकाला ती गर्दीत मिसळली आणि दिसेनाशी झाली.

सत्तावीस वर्षांची घोडी मी, मला धक्काच बसला. आई मला टाकून जाऊच कशी शकते? नर्सरीच्या पहिल्या दिवशीसारखे ओठ थरथरायला लागले. दोन-तीन मिनिटं तशीच बसून होते. मग त्या पाचशेच्या नोटेकडे लक्ष गेलं आणि सी-लिंकवरचं सगळं परत ऐकू आलं. ही आज माझ्यासाठी थांबली असती तर? मग तिने पुढच्या एखाद्या काळोखात कुणाला तरी सहज सांगितलं असतं, ‘आणि एकदा मॅरेथॉन पुरी करायची राहिली बघ. लेकीच्या पायात गोळा आला होता.’

मी उठले. लंगडत का होईना, चालायला लागले. आणि हो, आता मात्र आईच्या पद्धतीने. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. समोरची हलली की तिच्या मागून सरक. केम्प्स कॉर्नर, बाबुलनाथ, आणि उतरून समोर मरीन ड्राइव्ह. सूर्य वर आला होता. आई इथून काही वेळापूर्वी गेली असणार. तिने समुद्राकडे बघितलं असेल का? की सवयीने घड्याळाकडे?

फिनिशला माझी वेळ तीन तास चार मिनिटं. हात धरायला कुणी नव्हतं, फोटो काढायला कुणी नव्हतं. मेडल गळ्यात अडकवून गर्दीत आईला शोधत होते. ती एका झाडाखाली बूट काढून बसली होती, गळ्यात मेडल, हातात केळं. शेजारच्या दोन अनोळखी बायकांना नॅशनल पार्कातल्या ट्रेनिंगबद्दल सांगत होती.

‘किती?’ मी विचारलं.

‘दोन तास सत्तेचाळीस.’ आणि मग, आजवर मी तिला शेकडो वेळा ऐकवलेलं वाक्य, तिने मला ऐकवलं. ‘किती उशीर गं! मी कधीची थांबलेय.’

मी तिला घट्ट मिठी मारली. दोघींनाही घामाचा वास येत होता. ‘आई, चल, मरीन ड्राइव्हवर बसू या.’

बसलो. पाऊण तास. तिने एकदाही किती वाजले ते विचारलं नाही. बाबांचा फोन आला, ‘गुडघे आहेत का?’ आई म्हणाली, ‘माझे आहेत. तुमच्या लेकीचे विचारा.’

परत जाताना चर्चगेटला गाडी लागत होती. ती पुरती थांबायच्या आत, एकवीस किलोमीटर पळून आलेली माझी आई आत शिरली होती. मी लंगडत पोचले तेव्हा ती खिडकीत बसलेली. माझ्यासाठी तिने शेजारची जागा धरली होती, पर्स ठेवून.

लहानपणापासून खिडकी माझी असायची. आईने विचारलं नाही, ‘तुला हवीय का?’

मीही मागितली नाही.