एक ते वीस

आयुष्यात मी दोन प्रकारची मोजणी केली. पहिली पोटासाठी होती. एका बँकेत रोखपाल म्हणून मी ३१ वर्षे नोटा मोजल्या. त्या मोजणीत ओठ हलत, पण आवाज बाहेर येत नसे. आणि संध्याकाळी शिल्लक जुळली की दिवसभराचे आकडे मनातून पुसले जात. दुसरी मोजणी मी नांदेडला बदली झाल्यावर, २००६ साली, विसावा उद्यानात शिकलो. तेथे पहाटे साडेपाचला वीसपंचवीस माणसे व्यायामाला जमत आणि त्यांच्यापुढे उभे राहून कोणीतरी मोठ्याने ‘एक’ म्हणावे लागे. जे गृहस्थ म्हणत त्यांचीही बदली झाली. शाळेत कवायतीचा गटनायक होतो, एवढ्याच भांडवलावर ते काम माझ्याकडे आले. पुढे मी लातूरला आलो, निवृत्त झालो, आणि नाना-नानी पार्कात तेच काम करू लागलो.

या व्यायामाला सामान लागत नाही. ओझे म्हणून प्रत्येकाने आपापले शरीर घरूनच आणलेले असते. जोर काढताना माणसाच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. गुडघे टेकले तर तो निम्म्याच्या आसपास उतरतो. आणि उभ्याने भिंतीला हात टेकून तोच जोर काढला तर आणखी हलका होतो. म्हणून तालमीत घडलेला तरुण आणि साठी उलटलेली आजी यांना एकाच आकड्यावर एकच व्यायाम करता येतो. फरक फक्त जमिनीपासूनच्या उंचीचा. बैठकांचेही तसेच. ज्याला खाली जाववत नाही त्याने कट्ट्यावर टेकावे आणि हात न लावता उठावे. म्हातारपणी खुर्चीतून आपले आपण उठता येणे ही केवढी श्रीमंती असते, हे ज्याला उठवावे लागते त्यालाच कळते.

पुढे उभ्या राहणाऱ्याचे खरे काम आवाजाचे असते. कवायतीच्या हुकुमाचे दोन भाग असतात. पहिला लांबवायचा, म्हणजे ऐकणारा तयार होतो; दुसरा तोडायचा, म्हणजे तो हलतो. ‘सावधान’मधील ‘सा’ ताणला नाही तर रांग विस्कळीत होते. आकड्यांचेही तेच आहे. दोन आकड्यांमधील शांतता मोजणाऱ्याच्या हाती असते आणि त्या शांततेतच व्यायाम घडतो.

हे सारे आपल्याकडे नवे नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, स्वतः आयुष्यभर ते घातले आणि आपल्या संस्थानातील शाळांतून मुलामुलींकडून घालून घेतले. जोर, सपाटे, बैठका हे शब्द तालमींतून घरात आले. आमच्या मराठवाड्याची कथा मात्र थोडी निराळी आहे. निजामाच्या राज्यात खाजगी आखाडे काढण्यावर निर्बंध होते. १९३८-३९ च्या आर्य सत्याग्रहात धार्मिक स्वातंत्र्याच्या मागण्यांबरोबर हे निर्बंध उठवावेत, अशीही मागणी होती. चारचौघांनी एकत्र येऊन दंड काढणे ही एके काळी परवानगीची बाब होती, हे आज बागेत शीळ घालत येणाऱ्या मुलांना सांगितले तर त्यांना ती थट्टा वाटते. पुढे याच भूमीतून, निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावातून, हरिश्चंद्र बिराजदार उभे राहिले आणि १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले. आमच्या गटातील वयस्क मंडळी अजूनही कोणी नीट बैठका मारल्या की त्यांचेच नाव घेतात.

दोन शहरांच्या पहाटा वेगळ्या आहेत. नांदेड गोदावरीकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर. वैशाखात तेथे पहाटेही अंग चिकट होते. लातूर बालाघाटाच्या पठारावर, ६३० मीटरच्या आसपास; उन्हाळ्यातही सूर्य वर येईपर्यंत वारा बरा असतो. पण लातूरच्या वाऱ्याला पाण्याची साथ नाही. २०१६ च्या उन्हाळ्याने हे आम्हांला शिकवले. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. त्या दिवसांत आमच्या गटातील माणसे एकेक करून येईनाशी झाली. कारण कोणी सांगितले नाही, एका वहिनींनी मात्र सरळ सांगितले, “भाऊ, घाम आला की आंघोळ आली. आंघोळीला पाणी कुठलं?” त्या वाक्यापुढे आरोग्यावरचे कोणतेही व्याख्यान टिकणारे नव्हते. मग आम्ही जोर-बैठका बंद केल्या. घाम फुटणार नाही असे ताण, श्वास आणि एका पायावर तोल सांभाळणे, एवढेच जूनपर्यंत चालू ठेवले. शरीराचा व्यायाम हा शरीरापुरता नसतो. त्याच्यामागे नळ, टँकर आणि घरातील हंडा कोण भरतो हा प्रश्न उभा असतो, हे त्या दोन महिन्यांत उमगले.

त्याच काळात एक प्रथा पडली. मोठी मेहनत नव्हती, वेळ उरत असे. म्हणून आकडे म्हणण्याचे काम मी रोज वेगळ्या माणसाला देऊ लागलो. ठरले इतकेच, की एक ते वीस म्हणायचे. पाऊस आला, जोर परत आले, प्रथा राहिली. तिच्यामुळे जे दिसले ते मला आधीच्या दहा वर्षांत दिसले नव्हते. भरल्या सभेत बोलणारा वकील घाईघाईने मोजतो, जणू आकडे त्याच्या मागे लागले आहेत. निवृत्त मुख्याध्यापक सोळाला थांबून कोणाची पाठ वाकडी आहे ते सांगतात. आणि विद्यार्थ्यांच्या खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी, ज्या दोन वर्षे कडेच्या वाटेने नुसत्या चालत आणि नंतर कडुनिंबाच्या खोडाला हात टेकून जोर काढू लागल्या, त्यांच्यावर काम आले तेव्हा त्यांनी ‘एक’ इतक्या हळू म्हटले, की मागच्या रांगेला ऐकूच गेले नाही. कोणी “मोठ्यानं” असे ओरडले नाही. चाळीस माणसे बोलायची थांबली. वीसपर्यंत त्यांचा आवाज वाढला नव्हता. आमचा गलबला तेवढा उतरला होता.

यावरून कुरबुर झाली. आमच्याकडे पोलीसभरतीची तयारी करणारी मुलेमुली येतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. तेथे प्रत्येक सेकंदाला गुण असतो. त्यांना वेग हवा होता. “काका, असं मोजलं तर आमचं वर्ष जाईल,” एक मुलगी म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिच्या घरची जमीन कोरडवाहू, पाठची दोन भावंडे शिकणारी. तिच्यासाठी व्यायाम हा छंद नव्हता, नोकरीचा अर्ज होता. मी तिला एवढेच सांगितले, की मावशींच्या आकड्यावर खाली जाताना पूर्ण वेळ घे, छाती जमिनीपासून चार बोटांवर रोखून धर आणि पुढचा आकडा येईपर्यंत तशीच राहा. बाराव्या जोराला तिचे दंड थरथरू लागले. संथ जोर हा सोपा जोर नव्हे, हे तिला शरीरानेच सांगितले. तरीही धावण्याचा प्रश्न उरलाच. तो आम्ही असा सोडवला, की सव्वासहाला गट सुटल्यावर भरतीची मुले क्रीडासंकुलाकडे धावायला जातात. सगळ्यांचा वेग एक करता येत नाही. पण पाऊण तास तरी सर्वांत संथ माणसाच्या श्वासाने चालता येते.

लातूर हे आकड्यांचे शहर आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने दूरदूरहून मुले येथे शिकवणीला येतात आणि गुणांच्या, क्रमांकांच्या, कटऑफच्या छायेत दोन वर्षे राहतात. त्यांपैकी एक मुलगा वर्षभर आमच्या शेवटच्या रांगेत उभा राहत असे. तो कोणाशी बोलत नसे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा झाल्यावर, गावी परतण्यापूर्वी, त्याने आपण होऊन विचारले, “आज मी म्हणू का?” बैठका होत्या. तो वीसला थांबला नाही. एकवीस, बावीस करीत चाळीसपर्यंत गेला. पंचविशीनंतर निम्मी माणसे कट्ट्यावर बसली होती, पण आकडे सगळेच म्हणत होते. त्याला कोणी अडवले नाही. त्याचा निकाल काय लागला हे मला ठाऊक नाही. तो विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

बँकेतला आकडा वहीत जातो, परीक्षेतला गुणपत्रिकेवर चढतो. आमचा आकडा उच्चारला की संपतो. उद्या पुन्हा एकपासून सुरुवात. त्याची नोंद नाही, म्हणून त्यावर कोणाला कोणाच्या पुढे जाता येत नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला खोल बैठका बंद करायला सांगितल्या. आता मी पुढे उभा राहत नाही. खोडाशी, मावशींच्या शेजारी, हात टेकून जोर काढतो. आठवड्यातून एकदा आकडे म्हणण्याचे काम माझ्याकडेही येते, बाकी दिवस मी ऐकणाऱ्यांत असतो. दुसऱ्याच्या आवाजावर आपले शरीर सोपवणे हे मोजण्यापेक्षा कठीण आहे. रोखपालाला ते शिकायला थोडा वेळ लागेल.