सुटता सुटेना

पेशी वाढवण्यात फारशी कर्तबगारी नाही. त्या न दुखावता एकमेकींपासून सोडवणं, यात हात कळतो. त्यात एमडीसीके पेशी म्हणजे महाहट्टी. 1958 साली मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून काढलेला हा वाण अजून जगभर नांदतोय. फ्लास्क भरला की त्या शहाबादी फरशीसारख्या कडेला कड लावून बसतात.

एकदा पेशी सोडवायला ट्रिप्सिन हे विकर घालून वीस मिनिटं झाली तरी थर हलेना. टिचक्या मारल्या, ट्रिप्सिन शिळं म्हणून चरफडले, नवी बाटली फोडली. मग आधी पेशी धुतल्या त्या पीबीएस द्रावणाकडे लक्ष गेलं. मी कॅल्शियमवाली बाटली उचलली होती! लेबल तेच, फरक एका अधिक चिन्हाचा.

सगळी गोम त्या कॅल्शियमात. ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशीतून बाहेर डोकावतं ते पाच मण्यांच्या माळेसारखं. दर दोन मण्यांच्या सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन बसले की माळ ताठ होते आणि शेजारणीच्या माळेत अडकते. कॅल्शियम काढलं की ती लुळी पडते, मग ट्रिप्सिन तिचे तुकडे पाडतं. लोक याला पेशींचा गोंद म्हणतात ते मला पटत नाही. गोंद वरवर लागतो. कॅडहेरिनचं शेपूट आत कॅटेनिन प्रथिनांमार्फत ॲक्टिनच्या दोऱ्यांना बांधलेलं असतं. एकीनं अंग आखडलं की शेजारणीला ओढ बसते.

बाटलीनं कॅडहेरिन शोधणाऱ्या मासातोशी ताकेइचींनाही चकवलं होतं. 1970च्या दशकात ते क्योतोहून बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले, तर तिथे सुट्या केलेल्या पेशी पुन्हा चिकटेनात. तिथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए होतं, म्हणजे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन. क्योतोच्या ट्रिप्सिनमध्ये ते नव्हतं. त्या धाग्यावरूनच ते कॅडहेरिनपर्यंत पोचले. मी मात्र तेव्हा फक्त एक फ्लास्क वाया घालवला.

आता आधी ईडीटीए घालते आणि दहा मिनिटं सूक्ष्मदर्शकापाशी बसते. भरलेल्या थरात जागोजागी फुगे आलेले असतात. पेशी वरचं पाणी खाली ओढतात, त्यांच्यातले घट्ट सांधे ते परत झिरपू देत नाहीत, म्हणून थरच प्लास्टिकवरून उचलला जातो. ईडीटीए पोचलं की आधी हे फुगे बसतात, तव्यावरून उतरवलेल्या फुलक्यासारखे. मग पेशींच्या कडा उजळतात, मधे बारीक फटी पडतात. ट्रिप्सिनची बाटली मी तेव्हा उघडते.