सड्यावरचा वणवा

पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर तालुका फेब्रुवारी लागला की पेटू लागतो. घाटावरच्या माणसाला हे पटकन पटत नाही. पण जांभ्यावर पाणी थांबत नाही. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ इथले सडे म्हणजे जांभ्याची उघडी पठारे. श्रावणात ती गवताने हिरवीगार असतात. दिवाळीनंतर तेच गवत पिवळे पडते आणि शिमग्यापर्यंत कडकडीत वाळते.

ठिणगी बहुतेक वेळा माणसाच्याच हातची. भाताच्या रोपांसाठी केलेल्या भाजावळीचा जाळ बांध ओलांडतो. कुणी रस्त्याकडेला पेटती विडी टाकतो, तर कुणी पुढच्या पावसात गवत जोमाने यावे म्हणून मुद्दाम काडी लावतो. कधी वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासतात. दुपारी खारे वारे सुटले की आग चढणीला लागते, आणि मग हिरव्या फांद्यांनी झोडपणाऱ्या चार माणसांना ती आवरत नाही.

हे सगळे घडते नेमके आंबा-काजूच्या हंगामात. हापूसचे कलम धरते व्हायला पाच-सात वर्षे जातात. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची काजूची कलमे लवकर फळतात, तरी तीन-चार वर्षे त्यांनाही लागतातच. एवढी वर्षे पाणी घालून जगवलेली बाग एका दुपारी करपते. उघड्या कातळावर घरटे करणाऱ्या टिटवीची अंडीही त्यातच जातात.

वणवा पूर्वीही लागत असे. पण तेव्हा गोठ्यात गुरे होती, घरे गवताने शाकारली जात. सड्यावरचे गवत कापून घरी येई, त्यामुळे आगीला खायला कमी उरे. आज तरुण मुंबईत, गुरे मोजकी, घरावर कौले किंवा पत्रे. गवत उभेच वाळते, आणि आग दिसली तरी धावून जायला वाडीत उरलेली असतात म्हातारी माणसे. गावे ओस पडणे हेच आजच्या वणव्यांचे मोठे कारण आहे. काडी लावणारा केवळ निमित्त.

रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन अगदी थोडी, बाकीचे बहुतेक डोंगर खाजगी. १९२७ च्या वन कायद्यातली आग लावण्याची बंदी मुख्यतः राखीव आणि संरक्षित वनांसाठी आहे. उपग्रह आग टिपतात, भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर संदेशही येतो. आग झोडपायला मात्र माणूसच लागतो.

म्हणून मुंबईकर चाकरमान्यांना एक विनंती. दिवाळीत गावी याल तेव्हा आपल्या बागेभोवतीचे गवत कापून घ्या आणि बांधालगत मोकळा पट्टा राखा. स्वतःला जमत नसेल तर वाडीतल्या कुणाला त्याची मजुरी देऊन जा. शेजारची जमीन बंद घराची असेल, तर तिच्या मालकालाही फोन करा.