भैरवाच्या गावात कुत्र्याचं पथ्य

काशीत कुत्र्याला खायला घालणारे हात कधी कमी पडत नाहीत. कालभैरव या शहराचा कोतवाल आणि कुत्रा त्याचं वाहन. त्याच्या देवळात कुत्री मोकळी हिंडतात, दर्शनाला आलेली माणसं त्यांना दूध, पेढे, बिस्किटं घालतात आणि तीच रीत गल्लीबोळांतून घरच्या कुत्र्यांपर्यंत येऊन पोचते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेच्या बाजूच्या आम्हा मराठी घरांची त्यात आपली भर असते: सकाळी दूधपोळी, दुपारी तूप घातलेला वरणभात, चहाच्या वेळी ग्लुकोज बिस्कीट, शिवाय कोपऱ्यावरच्या हलवायानं प्रेमानं टाकलेला जिलबीचा तुकडा. अशा गावात खाजणाऱ्या कुत्र्याचं पथ्य सांभाळायचं कसं, हा प्रश्न घरच्या सहा किलोच्या स्पिट्झमुळे माझ्यापुढे आला. पशुवैद्यांशी बोलून, त्यावरचं संशोधन वाचून आणि रोज ताटली मांडून माझं जे मत झालं, ते असं: खाजणाऱ्या कुत्र्याला ‘सर्वांत चांगलं खाणं कोणतं’ हे विचारायची घाई करू नये. खाणं हे खाजेचं कारण आहे का आणि असेल तर त्यातलं नेमकं काय, हे आधी शोधावं. ते शोधायचा भरवशाचा मार्ग एकच आहे. आठ आठवडे ठरवून दिलेल्या खाण्याचं कडक पथ्य पाळायचं आणि त्यानंतर जुनं खाणं मुद्दाम परत घालून पाहायचं.

पण पथ्याच्याही आधी एक पायरी आहे आणि ती गाळली तर पुढचं सगळं वाया जातं. बहुतेक कुत्र्यांच्या खाजेचा खाण्याशी काही संबंध नसतो. पिसवा आणि गोचीड हे पहिले संशयित. पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजक्या चाव्यांनीही कमरेपासून शेपटीपर्यंत आग होते आणि अंगावर पीस दिसेलच असं नसतं. दुसरी लूत. ती कातडीत बिळं करणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे होते आणि आमच्या गल्ल्या इतक्या अरुंद की रस्त्यावरच्या कुत्र्याला अंग घासल्याशिवाय फिरणंच होत नाही. तिसरं कारण ओल. श्रावण-भाद्रपदात गंगा पायऱ्या चढून वर येते, गल्ल्यांत ऊन पोचत नाही, आणि दाट केसांच्या लहान कुत्र्याच्या कानांत, पंज्यांच्या बेचक्यांत यीस्ट माजतं. त्याचा आंबूस वास ओळखीचा होऊन जातो. शिवाय धूळ, परागकण यांची अॅलर्जी वेगळीच. थिअरी ऑलिव्हरी आणि राल्फ म्युलर या त्वचारोगतज्ज्ञ पशुवैद्यांनी २०१७ साली आधीच्या अभ्यासांची छाननी केली. कोणत्याही कारणानं दवाखान्यात आलेल्या कुत्र्यांपैकी जेमतेम एक-दोन टक्क्यांना खाण्यामुळे त्वचेचा त्रास होता. खाजेसाठीच आलेल्यांमध्ये मात्र हे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत नऊपासून चाळीस टक्क्यांपर्यंत होतं. म्हणजे संशय घ्यायला जागा आहे, पण खात्री धरायला नाही. बाराही महिने सारखी खाज, पुन्हा पुन्हा सुजणारे कान, पंजे आणि गुदाजवळची जागा चाटत राहणं, जोडीला दिवसातून बऱ्याचदा होणारी पातळ शी, आणि हे सगळं वर्षाच्या आत किंवा थेट उतारवयात सुरू झालेलं, असं चित्र असेल तर ताटलीकडे बोट दाखवायला आधार मिळतो. फक्त पावसाळ्यात खाजणाऱ्या कुत्र्याचं खाणं बदलण्याआधी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावी. बनारस हिंदू विद्यापीठाची पशुवैद्यक विद्याशाखा शहरात नाही, मिर्झापूर जिल्ह्यातल्या बरकछाला आहे. पण ही तपासणी साधी आहे, गावातल्या दवाखान्यातही होऊ शकते. ती मागून घ्यावी लागते इतकंच.

आता संशयित पदार्थांकडे वळू. खाण्याची अॅलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांची माहिती २०१६ साली एकत्र केली गेली. त्यांत गोमांसाचा त्रास ३४ टक्क्यांना, दुधाचा १७, कोंबडीचा १५, गव्हाचा १३ टक्क्यांना होता. भाताचा त्रास फक्त दोन टक्क्यांना. हे आकडे जसेच्या तसे उचलून काशीत आणले तर फसगत होईल, कारण अॅलर्जी होते ती शरीराला आधी ओळख झालेल्या प्रथिनाची. ज्या देशांतून ही माहिती आली तिथल्या कुत्र्यांच्या खाण्यात गोमांस नेहमीचं, म्हणून ते यादीत वर. आपल्याकडच्या कुत्र्याच्या पोटात रोज काय जातं? दूध, दही, गहू, आणि पाकिटातलं खाद्य असेल तर कोंबडी. त्यामुळे काशीतल्या मराठी घरात मी आधी दुधावर आणि पोळीवर संशय घेईन. दूधपोळी या एका वाटीत यादीतले दोन मोठे गुन्हेगार एकत्र बसलेले असतात; बिस्किटात तर दोघांबरोबर साखरही येते. ‘दूध तर सात्त्विक, त्यानं कसा त्रास होईल?’ असं आमच्याकडे हटकून विचारलं जातं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती पदार्थाची सात्त्विकता तपासत नाही, त्यातलं प्रथिन ओळखते.

मग पथ्यात घालायचं काय? नियम सोपा आहे: त्या विशिष्ट कुत्र्यानं आजवर कधी न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ. म्हणून दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा सल्ला इथे उपयोगी नाही. कुत्र्याच्या जन्मापासूनच्या खाण्याची यादीच उपयोगी. जी घरं मासे शिजवू शकतात त्यांना वाट मोकळी आहे. बंगालीटोल्याच्या शेजारानं या गावात रोहू सहज मिळतो. काटे नीट काढून, मीठ-मसाल्याशिवाय उकडलेला रोहू आणि रताळं हे चांगलं जोडपं ठरतं. रताळं आमच्या उपासाच्या फळीवर असतंच आणि त्यात गव्हाचा अंशही नाही. शाकाहारी घराची अडचण खरी आहे, ती मी हलकी करणार नाही. आमच्या चुलीवर मासा चढत नाही, आणि तूर, मूग, हरभरा कुत्र्यानं आधीच खाल्लेले असतात. अशा घरासाठी डॉक्टरी चिठ्ठीवर मिळणारं हायड्रोलाइज्ड खाद्य बनलेलं आहे. त्यात प्रथिनाचे विकरांनी इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते सहसा ओळखू येत नाहीत. काही प्रकारांत हे प्रथिन सोयाबीनचं असतं. मात्र बाकीचे घटकही वाचावेत, चवीपुरती कोंबडी कुठेतरी लपलेली असू शकते. ते महाग आहे. तरीही लहान कुत्र्याच्या बाबतीत हा खर्च आवाक्यात येतो, कारण सहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला लागतं ते मूठ-दोन मूठ. साध्या दुकानातल्या ‘एकच प्रथिन’ छापलेल्या पाकिटांवर मात्र मी या आठ आठवड्यांच्या परीक्षेपुरता विश्वास ठेवणार नाही. अशा खाद्यांच्या तपासण्यांत पाकिटावर नसलेल्या प्राण्यांचा अंश वारंवार सापडला आहे. ‘धान्यविरहित’ या शब्दाची भुरळही टाळावी. गव्हाची अॅलर्जी काहींना असते, पण भाताची क्वचितच, आणि स्टार्च पचवणारी जनुकं कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे २०१३ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं आहे. हजारो वर्षं माणसाच्या चुलीशेजारी राहिल्याचा हा परिणाम. उलट, डाळी-वाटाण्यांनी भरलेल्या काही धान्यविरहित खाद्यांचा हृदयाच्या एका विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ साली सुरू केली. ठाम निष्कर्ष निघाला नसला तरी बेफिकीर राहावं असं ते प्रकरण नाही.

खरी कसोटी पदार्थ निवडण्यात नसते, ती ‘बाकी काहीही नाही’ हे पाळण्यात असते. अॅलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पाच आठवड्यांत सुधारतात आणि आठ आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक. दोन आठवड्यांत कंटाळून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं. या काळात जिलबीचा तुकडा, औषधाची गोळी लपवलेला पेढा, मांसाची चव दिलेली गोचिडाची गोळी, चघळायचं हाड, देवाचा प्रसाद, सगळं बंद. लहान कुत्र्याच्या बाबतीत इथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. सहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण चारशे कॅलरी लागतात. पाच ग्लुकोज बिस्किटं म्हणजे शंभराच्या वर, म्हणजे पाव दिवसाचं अन्न. तीस किलोच्या लॅब्रेडॉरला तीच बिस्किटं नुसतं तोंडी लावणं ठरतात. आमच्या स्पिट्झला ते जेवण आहे आणि त्यातला गहू-दुधाचा डोसही तसाच मोठा. ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे वाक्य लहान कुत्र्याच्या संदर्भात मोजमापानंच खोटं ठरतं.

यावर आक्षेप बरेच येतात. रक्त किंवा लाळ तपासून अॅलर्जी सांगणाऱ्या चाचण्या आहेत, मग एवढा खटाटोप कशाला? कारण खाण्याच्या अॅलर्जीसाठी त्या चाचण्या विश्वासार्ह ठरलेल्या नाहीत. निरोगी कुत्र्यांतही त्या दोषी पदार्थांची लांब यादी देऊ शकतात. इंजेक्शननं खाज दोन दिवसांत थांबते, मग पथ्य कशाला? स्टेरॉइडनं खाज दबते हे खरं, आणि कातडी रक्तबंबाळ झालेल्या कुत्र्याला सुरुवातीला डॉक्टरांनी ते दिलं तर मी विरोध करणार नाही. पण औषध चालू असताना सुधारणा पथ्यानं झाली की औषधानं, हे कुणी सांगू शकणार नाही, म्हणून पथ्याचे शेवटचे आठवडे त्याच्याशिवाय गेले पाहिजेत. तिसरा आक्षेप सर्वांत जोराचा: घाटावरची कुत्री सगळं खातात आणि ठणठणीत असतात. ती ठणठणीत असतात असं मला दिसत नाही. मणिकर्णिकेपासून अस्सीपर्यंत चालताना केस झडलेली, कान खाजवून सोललेली कुत्री हटकून दिसतात. त्यांची खाज कशाची हे तपासणारं कुणी नसतं, म्हणून ती आपल्या हिशेबात येत नाही.

राहिला पुण्याचा प्रश्न, आणि तो मी टाळणार नाही, कारण या गावात पथ्य मोडतं ते बहुधा तिथेच. कुत्र्याला घास घालणं हे इथे श्रद्धेचं काम आहे. ते चुकीचं आहे असं म्हणायचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण श्रद्धेला घास हवा असतो, दूधच हवं असतं असं नाही. परीक्षेच्या खाद्यातले दाणे किंवा उकडलेल्या रताळ्याच्या फोडी डब्यात भरून शेजारच्या आजींकडे, हलवायाकडे, दारावर येणाऱ्या भाजीवाल्याकडे ठेवता येतात. त्यांच्या हातून घास जातो आणि पथ्यही टिकतं. त्यांना नुसतं ‘काही देऊ नका’ सांगितलं तर वाईट वाटतं. ‘एलर्जी है, डॉक्टर ने मना किया है, यही दीजिएगा’ असं सांगून हातात डबा दिला की माणसं जबाबदारी घेतात. आमच्या गल्लीकडे पाहून मी हे खात्रीनं म्हणते.

आठ आठवड्यांनी खाज थांबली तरी काम अर्धंच झालेलं असतं. ऋतू बदलला, गोचिडं कमी झाली, म्हणूनही खाज थांबू शकते. जुनं खाणं परत द्यावं. दोष खाण्याचाच असेल तर बहुतेक कुत्री दोन आठवड्यांच्या आत पुन्हा खाजवू लागतात. हा टप्पा अनेकांना निर्दय वाटतो, पण तो टाळला तर कुत्र्याला आयुष्यभर कारण नसताना एकाच खाण्यावर ठेवण्याची वेळ येते. खाज परतली की पुन्हा पथ्यावर यावं आणि मग दूध, गहू, कोंबडी एकेक करून तपासावं. दूध दोषी निघालं आणि पोळी निर्दोष, तर पोळी खुशाल द्यावी. घरचंच खाणं कायम ठेवायचं ठरलं तर कॅल्शियम, जस्त, आवश्यक स्निग्धाम्लं यांचा हिशेब पशुवैद्याकडून करून घ्यावा. २०१३ साली अमेरिकेत घरगुती कुत्रा-आहाराच्या दोनशे पाककृती तपासल्या तेव्हा ९५ टक्क्यांत किमान एक पोषकतत्त्व अपुरं निघालं. जवसाचं तेल आपल्याला हाताशी असलं तरी त्यातल्या ओमेगा-३चं कातडीला उपयोगी रूपात रूपांतर कुत्र्याचं शरीर फार थोडं करतं. माशाचं तेल चालणार नसेल तर शैवालाचं मिळतं, मात्र तेही परीक्षा संपल्यावरच सुरू करावं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका तर कोणत्याच ताटलीत नकोत.

आणि सुरुवात कधी करावी? काशीत मी पावसाळ्यात करणार नाही. ओल आणि गोचिडं यांच्या गर्दीत खाण्याचा आवाज ऐकूच येत नाही. दिवाळी उरकली की घरातला फराळ संपतो, हवा कोरडी होते, किडे ओसरतात. कार्तिक वद्य अष्टमीला भैरवाष्टमी येते आणि त्या दिवशी कुत्र्यांना गोडधोड घालायला सगळं गाव उतरतं. तो दिवस मागे टाकून दुसऱ्या सकाळी पहिली ताटली मांडावी, म्हणजे आठ आठवडे माघापर्यंत पुरतात आणि मधल्या काळात सांभाळायचा मोठा सण फक्त संक्रांतीचा उरतो.