अडलंय म्हणायची लाज

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागून तिला तीन महिने झालेत. रडवेल्या आवाजात म्हणाली, "मामा, नोकरी सोडू का रे?"

खोदून विचारलं तेव्हा कळलं. टीमची रोज सकाळी पंधरा मिनिटांची स्टँडअप मीटिंग असते. काल काय केलं, आज काय करणार, काही अडचण आहे का, एवढंच सांगायचं. पोरगी चार दिवस एकाच कामात अडकलेली, आणि रोज सांगायची, "चालू आहे, अडचण नाही." दोन आठवड्यांचा स्प्रिंट संपत आला, तिच्यामुळे बाकीच्यांचं कामही खोळंबलं.

"अगं, सांगायचं ना!"

"सगळ्यांसमोर येत नाही म्हणू? आधीच माझं इंग्रजी अडखळतं."

मग मीही थोडं वाचलं. या पद्धतीला अजाईल म्हणतात. २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ सॉफ्टवेअरवाल्यांनी बसून एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्यातलं पहिलंच मूल्य असं, की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद महत्त्वाचा. म्हणजे स्टँडअप ही हजेरी नाही. अडलेलं लवकर कळावं म्हणून ती असते. अर्थात, साहेबच हजेरी घेतल्यासारखी मीटिंग घेत असेल तर कोण तोंड उघडणार?

पण दोष एकट्या साहेबाचा नाही. आपण पोरांना शाळा-कॉलेजची सोळा वर्षं काय शिकवतो? तोंडी परीक्षेत "येत नाही" म्हटलं की मार्क गेले. शेजारच्याला विचारलं की कॉपी. आणि नोकरी लागली की म्हणायचं, टीमवर्क करा!

मी तरी कुठला शहाणा? डिप्लोमा करून पेपरात लागलो, तेव्हा नगरपालिकेच्या बजेटची बातमी आली. महसुली आणि भांडवली खर्चातला फरक कळत नव्हता. विचारायची लाज वाटली. बातमी चुकली, दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला.

हा किस्सा तिला सांगितला. सकाळी तिने स्टँडअपमध्ये सांगून टाकलं, "मी अडकलेय, कुणी अर्धा तास बसेल का?" एक सीनियर बसला. दुपारपर्यंत चूक सापडली. टीम लीडने एवढंच विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?"

खरं तर हा प्रश्न त्याने आपल्याला विचारायला हवा होता.

तुमच्याही घरातलं कुणी नवीन नोकरीला लागलं असेल. आज फोन कराल तेव्हा पगार किती ते नंतर विचारा. आधी विचारा, काही अडलंय का?