मुक्काम विचारून

कोल्हापुरातून निघायचं आणि कृष्णा समुद्राला मिळते तिथवर तिच्या काठाकाठाने जायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं तेव्हा पहिली बैठक बसली ती खर्चाची. मी पतसंस्थेत रोजकीर्द लिहीत निवृत्त झाले, हे उद्यमनगरात लेथवर उभं राहून. दोघांची पेन्शन ईपीएस-९५ ची. त्या योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये, आणि आमची त्याच्या फार वर नाही. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद. एसटीत मला अर्धं तिकीट, पण महाराष्ट्राची हद्द संपली की सवलतही संपते. आणि नदीच्या कडेकडेने, मनात येईल तिथे थांबत जाणारी गाडी कुठल्या डेपोतून सुटणार? राहिली दारातली मारुती ईको. मुलीच्या लग्नात सामान वाहिलेली, अजून ठणठणीत.

हिशेब सोपा होता. ईको लिटरला पंधराएक किलोमीटर देते. पेट्रोल शंभरीच्या पुढे, म्हणजे किलोमीटरला सात रुपये धरायचे. कृष्णेची लांबी महाबळेश्वरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर; रस्ता वळसे घेत जातो म्हणून त्याहून बराच जास्त, शिवाय परतीचा. या आकड्याशी घासाघीस करता येत नाही. एवढंच करता येतं की टाकी कुठे भरायची ते आधी ठरवायचं. कर्नाटकात पेट्रोल आपल्यापेक्षा थोडं स्वस्त, हे निपाणीला जाऊन टाकी भरणाऱ्या कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. आंध्रात मात्र ते आपल्यापेक्षाही महाग. म्हणून रायचूर सोडताना टाकी गळ्यापर्यंत भरली. बाकी वाचवायचं ते जेवणात आणि मुक्कामात. त्यातही मुक्कामात जास्त, कारण साध्यातल्या साध्या लॉजवर रोज राहायचं म्हटलं तर आमची पेन्शन आठवड्यात संपली असती.

रस्त्यावर संसार मांडायला कोल्हापूरकराला कुठे शिकायला जावं लागत नाही. अंबाबाईच्या दर्शनाला आंध्र-तेलंगणातून बसगाड्या येतात, त्या दसरा चौकात, बिंदू चौकाच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात. पहाटे कामाला जाताना मी वर्षानुवर्षं त्या बघत आले. बसच्या पोटातून शेगडी निघते, पातेली निघतात, ताडपत्री अंथरली जाते. आचारी तांदूळ वैरतो, चार बायका गोल करून वांगी चिरतात, एखादी म्हातारी बसच्या खिडकीला ओली साडी वाळत घालते. सात वाजता पंगत, आठ वाजता जागा झाडून गाडी पुढच्या गावाला. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची परिस्थिती आमच्यासारखीच असणार, पण पंढरपूर, तुळजापूर, शिर्डी सगळं करून ते घरी जातात. दुसरे गुरू आपले धनगर. दिवाळीनंतर वाडा घेऊन निघतात, घोड्यावर बिऱ्हाड, मागे बकरी, आणि रोज नव्या रानात मुक्काम. ज्याच्या रानात बसायचं त्या शेतकऱ्याला आधी विचारलेलं असतं; त्याला खत मिळतं, यांना धान्य किंवा चार पैसे. विचारल्याशिवाय धनगर कुणाच्या बांधावर खुंटी ठोकत नाही. आणि याच दिवसांत मराठवाड्यातून आलेले ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आसपास कोप्या घालून राहतात. त्यांना थंडीत उघड्यावर निजावं लागतं ते पोटासाठी. आम्ही हौसेने निघालो होतो, हा फरक मी कधी विसरत नाही.

गाडीची तयारी यांनी केली. मागची सीट घडी करून तिच्यावर प्लायची फळी, खाली लोखंडी अँगलचा सुटा सांगाडा. गाडीच्या पत्र्याला एकही भोक पाडलं नाही. फळी काढली की गाडी पुन्हा आरसी बुकात लिहिल्याप्रमाणे. फळीवर कापसाची पातळ गादी; फोम उन्हात तापतो आणि पाठीला धरत नाही. पुढच्या सीट पुढे सरकवल्या की माझे पाय सरळ होतात, हे उंच असल्याने तिरके झोपतात. सरकत्या दारांना मी मच्छरदाणीचं कापड शिवलं आणि कडेने लोहचुंबकाच्या पट्ट्या घातल्या. दार अर्धं उघडं ठेवलं तरी कापड पत्र्याला चिकटून राहतं. ही एक गोष्ट नसती तर कृष्णाकाठचे डास आणि आम्ही यांचं जमलं नसतं. फळीखाली पाच किलोचा छोटू सिलेंडर, तीन लिटरचा कुकर, तवा, पाण्याचे दोन कॅन. स्वयंपाक नेहमी गाडीबाहेर, सिलेंडरचं बटण रात्री बंद आणि खिडकी दोन बोटं उघडी. यात आम्ही सवलत घेत नाही. आणखी एक वस्तू म्हणजे झाकणाची बादली. साठीनंतर रात्री दोनदा उठावं लागतं, आणि अनोळखी गावात अंधारात चाचपडण्यापेक्षा ती बरी. सकाळच्या विधींसाठी पेट्रोल पंप. पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा फुकट देणं पंपमालकावर बंधनकारक आहे, हे ठाऊक असलं की विचारताना संकोच होत नाही.

महाबळेश्वर ते नृसिंहवाडी हा टापू आमच्या पायाखालचा. क्षेत्र महाबळेश्वरला गोमुखातलं पाणी घेतलं, वाई, माहुली, कऱ्हाडचा प्रीतिसंगम करत उतरलो. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात पाण्यालगत मुक्काम करू नये. तिथे कृष्णेत मगरी आहेत, आणि गावातली लहान पोरंसुद्धा ते सांगतात. नदीकाठी फिरताना आमचा एक कायदा आहे: वाळवंटात, पात्राच्या आत कधी झोपायचं नाही. वर धरण आहे, आणि पाणी कधी सोडतील ते आपल्याला विचारून सोडत नाहीत. घाटाच्या वरच्या पायरीच्याही वर, देवळाच्या किंवा वस्तीच्या उजेडात गाडी लावायची.

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मागे पडलं की नदी कर्नाटकात शिरते. इथून पुढे खरा प्रवास. आलमट्टी हे नाव कोल्हापूर-सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ आहे. २००५, २०१९, २०२१, प्रत्येक महापुरात ते निघालं. धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ करायची की नाही, यावर अजून भांडण आहे. आम्ही धरणाखालच्या बागेजवळ उभे होतो. शेजारी एक विजापूरकडचा शेतकरी बायको-पोरांना घेऊन आलेला. मोडक्या हिंदीत म्हणाला, याचं पाणी आलं म्हणून माझी पोरं गावात राहिली, नाहीतर गोव्याला गवंड्याच्या हाताखाली गेली असती. २०१९ मध्ये आमच्या बहिणीच्या घरात छातीभर पाणी होतं. दोन्ही खरं आहे, आणि ते एका जागी उभं राहून ऐकायला मिळालं ते गाडी सावकाश चालवल्यामुळे.

सावकाश म्हणजे किती? दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर, बास. सकाळी उन्हाआधी निघायचं, दुपारी झाडाखाली विसावा, आणि चारच्या आत मुक्कामाच्या गावात पोचायचं. चारची ही वेळ सगळ्या प्रवासाचा कणा आहे. चार वाजता गावात माणसं दिसतात, पुजारी मोकळा असतो, शाळा सुटलेली असते, आणि जागा मनासारखी नसली तर पुढचं गाव गाठायला उजेड असतो. अंधार पडल्यावर विचारणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात, आणि त्यांचं काय चुकतं?

विचारायला मी उतरते. हे गाडीतच बसतात. गाडीतून पांढऱ्या केसांची, साडी नेसलेली बाई उतरली की समोरच्याच्या कपाळावरची आठी जाते. आधी देवळात जाऊन नमस्कार, मग पुजारी किंवा पंचायतीतलं कुणी, आणि प्रश्न नेमका: "एक रात्र गाडीत झोपतो, सकाळी सहाला जातो, कुठे लावलेली चालेल?" 'राहू का' असं विचारलं की माणूस विचारात पडतो, 'कुठे लावू' विचारलं की तो जागा दाखवायला लागतो. दोघांची आधार कार्डं हातात तयार. एकट्या माणसाला खोली न देणारी भक्तनिवासं पुष्कळ आहेत, नवरा-बायकोला सहसा अडचण येत नाही. निघताना जागा झाडायची, पावती फाडायची, आणि बरोबर नेलेल्या गुळाच्या छोट्या ढेपांतली एक द्यायची. कोल्हापूरचा गूळ म्हटल्यावर नाही म्हणणारा अजून भेटला नाही.

कूडलसंगमला मलप्रभा कृष्णेला मिळते आणि संगमावर बसवण्णांचं ऐक्यस्थान आहे. नारायणपूर धरणाचं पाणी भोवती, आत विहिरीसारख्या बांधकामात पायऱ्या उतरून जायचं. तिथल्या दासोहात ताटात काय वाढलं यापेक्षा कोण कुणाशेजारी बसलंय ते मी बघत राहिले. कष्टाचं खायचं आणि सगळ्यांनी बसून खायचं, हे बाराव्या शतकात सांगून ठेवलेलं, आणि पंगत अजून चालू आहे. त्या मुलखात बाजारात ज्वारीच्या कडक भाकऱ्यांच्या चवडी मिळतात. पापडासारख्या पातळ, पंधरा दिवस टिकतात. शेंगाचटणी, दही आणि कांदा घेतला की शेगडी पेटवायची गरजच नाही. आमची कांदा-लसूण चटणी बरोबर होतीच. जेवणाचा खर्च त्या आठवड्यात जवळजवळ उरलाच नाही.

कुरवपूरला गाडी काठावर ठेवून बुट्टीसारख्या गोल होडीतून पलीकडे गेलो. श्रीपाद श्रीवल्लभांचं ठाणं, नदीच्या मधलं बेट. तिथे मराठी कानावर पडतं. आलंपूरला तुंगभद्रेच्या काठची चालुक्यांची नवब्रह्म मंदिरं सातव्या शतकापासूनची. श्रीशैलमच्या जलाशयाखाली जाणारं कुडवेल्लीचं संगमेश्वराचं देऊळ दगड दगड सुटे करून इथे पुन्हा उभं केलंय. श्रीशैलमचा रस्ता नल्लमलाच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो, तो रात्री वाहनांना बंद असतो, म्हणून दुपारीच चढलो. तिथे १६७७ मध्ये शिवाजी महाराज आले होते, दक्षिणेच्या मोहिमेवर असताना. कोल्हापूरच्या माणसाचा तिथे पाय निघत नाही.

त्यानंतरच्या एका गावात, पार तेलंगणाच्या टोकाला, धर्मशाळेचा म्हातारा व्यवस्थापक आधी खोली नाही म्हणाला. मग विचारलं, "किधर से आए अम्मा?" मी म्हटलं, "कोल्हापूर." तो उठून उभाच राहिला. "महालक्ष्मी!" म्हणाला आणि हात जोडले. बसने तो आमच्या गावी दोनदा आला होता, पार्किंगमध्ये भात शिजवून जेवला होता, आणि पावसात एका दुकानदाराने त्यांच्या बायकांना रात्रभर आत बसू दिलं होतं, ते त्याला आठवत होतं. त्याने अंगणातली कडुलिंबाखालची जागा दाखवली, न्हाणीघराची किल्ली दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्या दुकानदाराला मी ओळखत नाही. त्याच्या चांगुलपणाचा मुक्काम आम्हाला मिळाला.

विजयवाड्याला १९५७ चा प्रकाशम बॅरेज ओलांडला. पुढे पुलिगड्डाजवळ नदीच्या दोन धारा होतात, त्यांच्या मधला मुलूख तो दिविसीमा. नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळात तिथे हजारो माणसं गेली. आज तिथे भाताची हिरवी खाचरं आणि कालवे आहेत. हंसलादीवीला वेणुगोपालस्वामींचं दर्शन घेऊन समुद्राकडे गेलो. "अहो, हे आपल्या पंचगंगेचं पण पाणी ना?" मी विचारलं. "आलमट्टीने सोडलं असेल तेवढं," हे म्हणाले, आणि पँट दुमडून पाण्यात उतरले.

आता ओळखीपाळखीची निवृत्त जोडपी घरी येतात, फळी बघतात, मापं घेतात. मी त्यांना सांगते की आधी एक रात्र वाडीला जा. भक्तनिवासात खोली घेऊ नका, परवानगी काढून गाडीतच झोपा. दुसऱ्या दिवशी पाठ काय म्हणते ते बघा, आणि बायकोला बाजूला घेऊन विचारा. ती हो म्हणाली तरच टायर बदला.