रंग गेला म्हणजे विष गेलं का?

पंचगंगेचं पाणी काळं पडलं, तेरवाड बंधाऱ्यावर मेलेले मासे तरंगले की आपल्याकडे आंदोलन, पंचनामा, नोटिसा हे ठरलेलं. मग कुणीतरी एन्झाइमचं नाव काढतो. पावडर टाका, नदी स्वच्छ!

मंडळी, एन्झाइम ही थाप नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीत लॅकेज नावाचं एन्झाइम असतं. लाकडातलं चिवट लिग्निन फोडायला ते बुरशीच्या कामी येतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून तेच लॅकेज कापडाचे अनेक रंगही तोडतं.

पण वाहत्या नदीत टाकलं तर ते वाहूनच जाणार. पैसे आपले आणि पावडर नरसोबाच्या वाडीला! म्हणून एन्झाइम जागेवर धरून ठेवतात. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटमध्ये ते मिसळायचं आणि थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचं. भिजलेल्या साबुदाण्यासारखे मणी तयार होतात. ते टाकीत भरले की सांडपाणी त्यातून जातं, एन्झाइम आतच राहतं आणि पुन्हा पुन्हा वापरता येतं. ही युक्ती नवी नाही. जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीने 1969 मध्येच अमिनो आम्लं बनवायला ती कारखान्यात वापरली. पेनिसिलीन गटातली औषधं बनवतानाही ती वापरतात.

मग इचलकरंजीच्या प्रोसेसमधलं पाणी असं साफ होईल का? अडचण इथे आहे. सुती कापड रंगवताना मीठ आणि सोडा लागतो. पाणी खारट, अल्कधर्मी आणि गरम निघतं. बुरशीतल्या लॅकेजला बहुधा आम्लधर्मी पाणी मानवतं. म्हणजे आधी पाणी थंड करा, सामू उतरवा, मग एन्झाइम. एवढं करूनही मीठ जसंच्या तसं राहतं, आणि तेच पाणी पुढे शिरोळच्या शेतात जातं. शिवाय रंग तुटल्यावर उरलेले तुकडे कधी मूळ रंगापेक्षाही घातक असू शकतात. पाणी पांढरं दिसलं म्हणून ते पिण्याजोगं झालं असं नाही.

म्हणून उद्या अशा योजनेचा ठराव आला, तर आपल्या नगरसेवकाला चार प्रश्न विचारा. एन्झाइम नदीत टाकणार की कारखान्याच्या तोंडाशी बसवणार? मणी किती दिवस टिकणार, बदलायचा खर्च कुणाचा? मिठाचं काय? आणि तपासणी फक्त रंगाची की विषारीपणाचीही?

उत्तरं लेखी मागा. मिळाली तर इथे टाका, सगळ्यांना वाचू द्या.